धूळ, वाळवंट आणि फटफटी

फटफटी पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणतो. पण ते अर्धेच खरे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे २०० लिटरची ४५ पिंपे भरतील एवढी! ही हवा इंजिन ओढून घेते कोठून? गाडी ज्या वाटेने चालली असेल तेथूनच. वाट डांबरी असेल तर ठीक. पण गाडीवाट असेल, ढेकळांचे रान असेल, नदीची वाळू असेल, तर हवेबरोबर धूळही आत जायची. ती अडवण्यासाठी इंजिनाच्या श्वासाच्या वाटेवर एक गाळणी बसवतात. मिस्त्री लोक तिला एअर फिल्टर म्हणतात. आडवाटेच्या फटफटीला ही गाळणी कशी मिळाली, ते आज पाहू.

आधी हे पाहू की, धुळीने बिघडते काय? धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात, आणि गारगोटी लोखंडालाही ओरखडे काढते. असे कण सिलिंडरात शिरले की तेलात कालवले जातात आणि पॉलिश कागदासारखे काम करू लागतात. पिस्टनच्या रिंगा झिजतात, दाब टिकत नाही, गाडी निळा धूर सोडते. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच ते ध्यानात येत नाही.

जुन्या काळच्या पुष्कळ मोटारसायकलींना गाळणी नव्हतीच. कार्ब्युरेटरचे तोंड उघडेच असायचे. बरे, थंड आणि ओल्या युरोपात त्यावाचून फारसे अडतही नसे. खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धात, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात. १९४१ च्या फेब्रुवारीत जर्मन फौजा लिबियात उतरल्या. त्यांच्यासमोर ब्रिटिशांच्या बरोबरीने आपले हिंदी सैनिकही होते. १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुक पडले, तेव्हा तेथे लढणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. अशा मुलखात निरोप घेऊन जाणारा स्वार फटफटीवर असे. वाटेत इंजिन बसले, तर निरोपही गेला आणि स्वाराचा जीवही धोक्यात!

तेव्हा दोन्ही बाजूंच्या कारागिरांना एकच युक्ती सुचली. चाकाने उडवलेली धूळ जमिनीलगत दाट असते, वर विरळ. मग इंजिनाने श्वास वरूनच का घेऊ नये? इंग्रजांच्या बीएसए एम-२० या गाडीला वाळवंटासाठी पेट्रोलच्या टाकीवर गाळणीची पेटी बसवली गेली. जर्मनांच्या बीएमडब्ल्यू आर-७५ या गाडीची गाळणी आधी खाली होती. १९४२ मध्ये तीही टाकीवर चढली. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए या लष्करी गाडीला तेलाच्या वाटीची गाळणी होती. ती तुमच्यातल्या कित्येकांनी जुन्या ट्रॅक्टरवर पाहिली असेल. हवा वाटीतल्या तेलापर्यंत खाली येते आणि तेथे एकदम वळून वर जाते. जड धुळीला ते वळण साधत नाही. ती तेलात पडते. उरलेली तेलकट जाळीला चिकटते.

युद्ध संपले आणि डोंगरदऱ्यांतून, चिखलातून मोटारसायकली पळवण्याचा खेळ वाढला. तेथे तेलाची वाटी कुचकामी ठरली. गाडी उडणार, आडवी पडणार, मग तेल वाटीत राहील कसे? त्यातून टू-स्ट्रोक इंजिन असेल तर हवा आधी क्रँकच्या कोठीतून जाते, म्हणजे धूळ सिलिंडराबरोबर बेअरिंगही खाते. याला उत्तर मिळाले रसायनशाळेतून. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला होता. पुढे त्याचा मऊ, सच्छिद्र फोम होऊ लागला. हा फोम तेलात भिजवून पिळला, की हवा त्याच्या वाकड्यातिकड्या छिद्रांतून जाते आणि धूळ तेलाला चिकटून राहते. तेल सांडण्याचा प्रश्नच मिटला. १९७० नंतरच्या दशकात अशा शर्यतींच्या गाड्यांत ही गाळणी रुळली.

२६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघालेली पहिली डाकार शर्यत सहारा ओलांडून गेली आणि सिरिल नव्हू यांनी ती फटफटीवर जिंकली. पुढे ही शर्यत दक्षिण अमेरिकेत नेण्यात आली. २०१५ मध्ये बंगळूरचे सी. एस. संतोष ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. असल्या शर्यतींत दिवसाची मजल संपली, की इतर कामांबरोबर गाळणी बदलणे हे नेमाचे काम असते.

कारण गाळणीची एक अट आहे: तिने धरलेली धूळ कोणीतरी काढली पाहिजे. ती तुंबली तर इंजिन गुदमरते. फाटली किंवा कडेने सैल बसली तर असून नसल्यासारखी. फोम काढल्यावर आधी हवेच्या वाटेत स्वच्छ फडके कोंबावे. फोम रॉकेलमध्ये, मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा. पेट्रोल वापरू नये. ते भडकते आणि फोमचे जोडही सोडवते. फोम दाबून पाणी काढावे, पीळ देऊ नये. सावलीत पूर्ण वाळवून फिल्टरचे तेल सगळीकडे चोळावे, जादा तेल दाबून काढावे. शिवण उसवली असेल, फोमचा भुगा होत असेल, तर मोह न धरता नवा घ्यावा. मात्र कागदी गाळणी धुवायची नसते, ती बदलायचीच, बरे का!

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. फडक्याचे दोन तुकडे घ्या, एकाला तेल चोळा आणि दोन्ही शाळेसमोरच्या धुळीच्या रस्त्याकडेला दिवसभर टांगा. संध्याकाळी ते झटकून मुलांच्या हाती द्या. धूळ कोणत्या फडक्याने धरून ठेवली, ते मुलेच सांगतील. त्यातली काही घरी जाऊन वडिलांच्या गाडीची गाळणी उघडायला लावतील, तर फारच उत्तम.