शांत डबा कुठून आला

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन ही स्टेशनं एकेकाळच्या ठाणे-डोंबिवलीइतकी पाठ झालेली असतात. ज्यांना कामासाठी आणखी खाली फिलाडेल्फिया, बाल्टिमोर किंवा वॉशिंग्टनला जावं लागतं, त्यांना तर हा सगळा मार्गच अंगवळणी पडलेला असतो. या प्रवासाबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. गाडी वेळेवर येत नाही, आणि शेजारचा फोनवर बोलायचा थांबत नाही. पहिल्या तक्रारीवर पुष्कळ लिहून झालं आहे. दुसरी आपण हल्लीच्या लोकांच्या बेशिस्तीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पण तिला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणं याच रुळांवर घडली आहेत.

जानेवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या दरम्यान मेट्रोलायनर नावाची वेगवान गाडी सुरू झाली. विमानाकडे वळलेला कामकाजी प्रवासी रेल्वेकडे परत आणायचा, हा तिचा हेतू. तिच्यात एक नवलाची सोय होती: धावत्या गाडीतून पैसे भरून फोन करता येत असे. आज यात काही वाटत नाही, पण तेव्हा हे जमवणं सोपं नव्हतं. मोटारीतला रेडिओ-फोन अमेरिकेत १९४६ पासून होता. त्यात शहरभराला एक उंच मनोरा आणि मोजके चॅनेल. एका चॅनेलवर कोणी बोलायला लागला की तो सगळ्या शहरासाठी अडकला. यावरचा तोडगा बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्येच कागदावर उतरला होता. प्रदेशाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कमी ताकदीचा मनोरा द्यायचा आणि तेच चॅनेल थोड्या अंतरावरच्या तुकड्यांत पुन्हा वापरायचे. हा तुकडा म्हणजे ‘सेल’. सेलफोनमधला सेल तो हा. तो बॅटरीतला सेल असावा असं मी लहानपणी बरीच वर्षं धरून चाललो होतो, आणि असं समजणारा मी एकटा नसणार.

ही कल्पना वीसेक वर्षं पडून राहिली आणि प्रत्यक्ष धंद्यात पहिल्यांदा वापरली गेली ती मेट्रोलायनरवर. सुमारे २२५ मैलांचा मार्ग नऊ विभागांत वाटला, सहा चॅनेल त्यांत पुन्हा पुन्हा वापरले आणि गाडी एका विभागातून दुसऱ्यात शिरताना चालू बोलणं पुढच्या विभागाकडे सोपवण्याचं काम फिलाडेल्फियातल्या संगणकीकृत केंद्राने केलं. थोडक्यात, मोबाइल फोन आगगाडीत नंतर घुसला असं म्हणायला जागा नाही. ज्या तत्त्वावर तो चालतो त्याचा पहिला जाहीर प्रयोगच आगगाडीत झाला.

फरक एवढाच, की तो फोन एका ठरावीक जागी बसवलेला होता. बोलायचं तर जागेवरून उठून तिथे जायचं, पैसे मोजायचे, मोजकं बोलायचं आणि परत येऊन बसायचं. फोनवर बोलणाऱ्याने चार माणसांतून उठून बाजूला जायचं, ही रीत टेलिफोनइतकीच जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा साहाय्यक थॉमस वॉटसन याने आपल्या आठवणींत एक मजेदार प्रसंग नोंदवला आहे. १८७७ मध्ये लांब पल्ल्याच्या जाहीर प्रात्यक्षिकासाठी त्याला बोस्टनमधून यंत्रात जिवाच्या आकांताने ओरडावं लागणार होतं. घरमालकीण आणि बाकीचे भाडेकरू त्याच्या आरडाओरड्याला आधीच वैतागलेले. मग त्याने पलंगावरची ब्लँकेटं काढून त्यांचं एक भुयार केलं, एका टोकाला यंत्र ठेवलं आणि आत शिरून बोलला. टेलिफोनची पहिली केबिन ती ही, असं तो गमतीने म्हणतो. शोध लागून पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं, आणि शेजाऱ्यांची तक्रार येऊन तिच्यावर उपायही निघाला होता. उपाय कोणी करायचा याबद्दल वॉटसनला शंका नव्हती. ओरडणार तो, तर ब्लँकेटात घुसमटणारही तोच.

पुढची शंभर वर्षं हाच करार चालला. लाकडी केबिन आल्या, मग काचेच्या. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओ उगवले, त्यांतही ती काचेची अरुंद केबिन होतीच. आत पंखा बंद, दार नीट लागत नाही, आणि नजर समोरच्या लाल आकड्यांवर. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून बाहेर रांग लागे. त्या काचेतून सगळं ऐकू येई हे खरं. पण तिथे फोन करणं हे स्वतंत्र काम होतं, त्याची जागा स्वतंत्र होती, आणि दाराबाहेर उभ्या माणसाने निदान न ऐकल्यासारखं करायचं, एवढी सभ्यता सगळे पाळत.

केबिनची भिंत पडली ती एका दिवसात नाही. मार्टिन कूपरने एप्रिल १९७३ मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला. दहा वर्षांनी तो विक्रीला आला तेव्हा किंमत चार हजार डॉलरच्या घरात होती. म्हणजे लाकडी भिंत गेली तरी पैशाची भिंत शिल्लक होती. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल लावला, त्यानंतर कितीतरी वर्षं आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले तोवर आपण ‘मिस्ड कॉल’ नावाची एक संपूर्ण मूक भाषा तयार केली होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. डब्यातल्या शांततेच्या दृष्टीने मिस्ड कॉलइतका सभ्य फोन पुन्हा झाला नाही.

अमेरिकेत पैशाची भिंत कोसळल्याची तारीख सांगायची तर मी मे १९९८ सांगेन. त्या महिन्यात एटी अँड टीने देशभर एकच दर असलेली योजना आणली: ठरावीक रकमेत ठरावीक मिनिटं, रोमिंग आणि लांब पल्ल्याचा आकार वेगळा नाही. शहरात मोटारीने फिरणाऱ्याला याचं तितकंसं अप्रूप नसेल. पण न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्ग बघा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड, अशी पाच राज्यं ओलांडून गाडी राजधानीत शिरते. आधी राज्य बदललं की बोलणाऱ्याच्या मनात मीटर वाजायला लागे. आता ट्रेंटनला सुरू झालेलं बोलणं विल्मिंग्टनपर्यंत चालवायला हरकत उरली नाही. आणि या गाडीत कोण बसतं? वकील, सल्लागार, सरकारदरबारी खेटे घालणारे. बोलणं हाच ज्यांचा धंदा.

पुढचं प्रकरण आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आलं. २००० च्या सुमारास फिलाडेल्फियाहून पहाटे वॉशिंग्टनला निघणाऱ्या गाडीच्या रोजच्या प्रवाशांनी ॲमट्रॅकच्या कर्मचाऱ्यांकडे मागणी केली, की एक डबा आमच्यासाठी ठेवा, त्यात फोन नको. मागणी मान्य झाली. वर्षभरात हा ‘क्वाएट कार’चा प्रकार या मार्गावरच्या इतर गाड्यांतही पसरला. २००९-१० मध्ये फिलाडेल्फियाची सेप्टा आणि न्यू जर्सी ट्रान्झिट यांनीही आपापले शांत डबे सुरू केले. ज्या फिलाडेल्फियातून १९६९ मध्ये धावत्या गाडीतले फोन जोडले जात होते, त्याच फिलाडेल्फियाच्या प्रवाशांनी तीस वर्षांनी फोनपासून सुटका मागितली.

शांत डब्याचं कौतुक करताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. त्याने वॉटसनचा करार उलटा केला. पूर्वी बोलणारा उठून आडोशाला जायचा आणि बाकीची जागा आपोआप शांत असायची. आता बाकीची सगळी गाडी बोलणाऱ्यांची झाली, आणि ज्याला शांतता हवी त्याने उठून वेगळ्या डब्यात जायचं. ब्लँकेटाचं भुयार आता घरमालकिणीने बांधायचं. शिवाय तिथेही पहारा बहुतांशी प्रवाशांचाच. कंडक्टर घोषणा करतो, वाचनालयासारखं वातावरण ठेवा म्हणतो आणि पुढे जातो. मग नियम मोडणाऱ्याला कोणी टोकायचं, यावरून जे डोळ्यांचे इशारे, खाकरणं आणि वर्तमानपत्रं फडफडवणं चालतं, ते बघताना मला लहानपणीचं लायब्ररीतलं ‘शांतता राखा’ आठवतं. त्या पाटीखाली निदान एक तापट ग्रंथपाल बसलेला असे.

त्रास आवाजाच्या पातळीचा आहे, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आगगाडीत आणि बस स्थानकावर नटांकरवी संभाषणं घडवून आणली, काही समोरासमोर, काही फोनवर. आवाज तितकाच ठेवला तरी आसपासच्या लोकांना फोनवरचं बोलणं अधिक खुपलं. २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने त्याचं एक कारण दाखवलं. लक्ष देऊन करायचं काम चालू असताना कानावर अर्धाच संवाद पडला, तर माणूस चुका करतो. पूर्ण संवाद किंवा एकाचंच सलग बोलणं पडलं तर तेवढ्या करत नाही. मेंदू उरलेला अर्धा भाग जुळवायला धावतो. आणि तेच बोलणं शब्द कळणार नाहीत असं अस्पष्ट केलं, तेव्हा परिणाम नाहीसा झाला.

हे वाचलं आणि मुंबईच्या लोकलचं कोडं जरा सुटलं. तिथे टाळ-झांजा घेऊन भजन चालतं, पत्त्यांचे डाव रंगतात, भाजी निवडता निवडता अख्ख्या चाळीच्या बातम्या होतात. आवाज शांत डब्याच्या दसपट. पण तो सगळा पूर्ण आवाज आहे, आणि मनात आलं तर त्यात शिरता येतं. फोनवरच्या अर्ध्या बोलण्यात आपल्याला जागा नसते. मुंबईत बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला मनाई केली. रेल्वेने त्याच्या आदल्या वर्षी अशाच सूचना काढल्या होत्या. माझ्या मते तिथे खरी गरज पहिल्या अर्ध्या भागाची होती.

अर्ध्या संवादाचा दुसरा धोका बोलणाऱ्यालाच असतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनएसए आणि सीआयएचे माजी प्रमुख मायकेल हेडन याच मार्गावरच्या असेला गाडीत बसून पत्रकारांशी फोनवर बोलत होते, ‘माझं नाव छापू नका, माजी वरिष्ठ अधिकारी म्हणा’ या अटीवर. जवळच बसलेला एक राजकीय कार्यकर्ता ते ऐकून ट्विटरवर थेट टाकत होता. जगाचे फोन ऐकणाऱ्या संस्थेचा माजी प्रमुख, आणि त्याला स्वतःचा आवाज किती दूर जातो याचा अंदाज नाही! पुढे हेडन यांनी त्या माणसाबरोबर हसत फोटोही काढून घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आपली अडचण याहून वेगळी आहे. सकाळी सातची गाडी पकडणाऱ्या माणसाला घरी फोन करायला दिवसातली सोयीची वेळ हीच. भारतात तेव्हा संध्याकाळ होत आलेली असते, आई चहा पिऊन रिकामी असते, आणि इथे ऑफिसात पोचल्यावर संध्याकाळपर्यंत उसंत नाही. तोवर तिकडे मध्यरात्र. फोनकार्डाच्या मिनिटांचा हिशेब गेला, व्हॉट्सॲप आलं, तसा हा रोजचा फोन अनेकांच्या घरचा कणा झाला. आईला ऐकू कमी येतं, म्हणून आवाज चढतो. मराठीत बोलतोय, कोणाला काय कळणार, ही त्यामागची सोयीस्कर समजूत. भाषा हीच आपली केबिन. कॉर्नेलचा निष्कर्ष ताणून बघितला तर ही समजूत अगदीच चूक नाही: न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं इतरांच्या कामात तितकी लुडबूड करत नसावं. मात्र एडिसनच्या गाडीत मराठी, गुजराती, हिंदी कळणारा एक तरी माणूस असतोच. त्याला आईच्या गुडघ्यापासून भावाच्या फ्लॅटपर्यंत सगळं अर्धं-अर्धं ऐकावं लागतं, आणि उरलेलं तो आपल्या आईच्या आवाजात भरतो. मला स्वतःला इंग्रजी कॉन्फरन्स कॉलपेक्षा असा मराठी फोन हजारदा जास्त अस्वस्थ करतो. पुस्तकाचं एक पान सरकत नाही. पण त्या माणसाने फोन ठेवावा असं मला मनापासून वाटत नाही. त्याने उठून जावं असं वाटतं, आणि जायला जागा असावी असंही.

विमानांत हा प्रश्न अजून अडवून धरलेला आहे. अमेरिकेत १९९१ पासून उडत्या विमानातून मोबाइल वापरायला बंदी आहे, जमिनीवरच्या यंत्रणेत व्यत्यय येईल म्हणून. २०१३ मध्ये ती सैल करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधाचा सूर तांत्रिक नव्हता. सहा तास शेजाऱ्याचं बोलणं कोण ऐकणार, हा होता. २०२० मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला.

जपानने मात्र मधली वाट धरली. तिथे गाडीत फोन ‘मॅनर मोड’वर ठेवायचा आणि बोलायचं असेल तर शिंकान्सेनमध्ये दोन डब्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जायचं, ही रीत रुळलेली आहे. २०२१ मध्ये तोक्यो-ओसाका मार्गावरच्या नोझोमी गाड्यांत एक वेगळा डबा काम करणाऱ्यांसाठी काढला, जिथे बसल्या जागी फोनवर बोललं तरी चालतं. म्हणजे शांत डब्याच्या अगदी उलट, बोलका डबा. आणि २०२२ पासून काही गाड्यांत त्या डब्याजवळ एका माणसापुरती, दार लावून बसता येईल अशी बंद खोली दिली आहे. आत टेबल, खुर्ची आणि फोनवर बोलणारा एकटा माणूस.