तळटीप १७ : चिकित्सक सिद्धांत आणि देवणीचा बैल

१७. ‘चिकित्सक सिद्धांत’ ही संज्ञा येथे फ्रांकफुर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेच्या (स्थापना १९२३) अर्थाने आली आहे. संस्थेचे संचालक माक्स होर्कहाइमर यांनी १९३१च्या भाषणात तत्त्वज्ञानाला अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्राची जोड देण्याचे ठरवले. १९३७च्या निबंधात त्यांनी, अभ्यासक ज्या समाजाचा अभ्यास करतो त्याच समाजात तो स्वतःही गुंतलेला असतो, हे मांडले. मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये (१८८३) सारा, सावकारी, नोकरशाही आणि धर्मविधी एकाच चौकशीत घेतले होते.

देवणी बैलाचे उदाहरण याच दृष्टीने वाचावे. लातूर जिल्ह्यातील देवणीचे नाव लाभलेली ही जात दूध व ओढकाम दोन्हींसाठी पाळतात. वाणेरा, बालंक्या, शेवरा हे तिचे प्रकार पशुवैद्यक सांगेल. पण बैल कोणाच्या दावणीला आहे, वैरण कोण वाहते, गोठा कोण झाडते, आणि २०१५मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून थकलेल्या जनावराचा भार कोणावर पडतो, हे प्रश्न एका विद्याशाखेत मावत नाहीत.