डलहौसीच्या नावाचं फूल

आपल्या नागपूरकडे डलहौसी म्हटलं की खालसा आठवतो. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, मूलबाळ नव्हतं, आणि १८५४ मध्ये त्याने राज्य खालसा केलं. पण याच नावाचा एक सुगंधी रोडोडेंड्रॉनही आहे.

जानेवारी १८४८ मध्ये डलहौसी कलकत्त्याला उतरला, त्याच जहाजात वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ हूकर होता. पुढे सिक्कीम हिमालयात त्याला मोठाल्या झाडांच्या खोडांवर वाढणारं हे झुडूप मिळालं. फुलं मोठी, पांढरट, लिंबासारख्या वासाची. नाव दिलं लेडी डलहौसीचं.

नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीमच्या दिवाणाने हूकर आणि दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल यांना पकडून ठेवलं. दोघं डिसेंबरात सुटले. पण तेच निमित्त करून कंपनीने सिक्कीमचा दक्षिणेकडचा मुलूख घेतला. म्हणजे नागपूरच्या चार वर्षं आधी!

कोराडीत आंब्याच्या सावलीत हे झाड जगेल का? अवघड आहे. नुसती सावली पुरत नाही. त्याला थंड, दमट हवा आणि पालापाचोळ्याची, निचऱ्याची, आम्लधर्मी माती हवी. इथे चिकट काळी माती आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश. डलहौसीचं फूल काही आपल्याकडे आलं नाही. आला तो फक्त त्याचा हुकूम.