'गाळणे' आणि 'निवळणे' : चांदा मुलखातील पाण्याचा विचार

पाणी शुद्ध करण्याच्या क्रियेसाठी मराठीत दोन जुनी क्रियापदे आहेत. वस्त्र अथवा वाळू आड धरून मळ अडविणे ते गाळणे. पाणी स्थिर राहून गढूळपणा तळाशी बसणे ते निवळणे. दुसऱ्या क्रियेस निवळीच्या बीजाचे साहाय्य घेत. ते भांड्याच्या आतून उगाळले असता मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व खाली बसतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वस्त्राने गाळलेले पाणी पिण्याचा आदेश आहे, आणि कतकाचे, म्हणजे निवळीचे, फळ पाणी निर्मळ करीत असले तरी केवळ त्याच्या नामोच्चाराने ते निर्मळ होत नाही, असा दृष्टांतही आहे.

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातून १९८२ साली गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. या वनप्रदेशात उन्हाळ्यात नदीनाल्यांच्या वाळूत झिरा खोदून पाणी भरण्याचा परिपाठ आहे. 'झिरा' हा शब्द 'झिरपणे'च्या कुळातला, आणि झिरपणे हेही एक प्रकारचे गाळणेच होय. हेच तत्त्व हेतुपूर्वक योजून १८०४ साली स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे जॉन गिब याने, व १८२९ साली लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन याने वाळूचे गाळे बांधिले. वाळू ही केवळ चाळण नव्हे. जंतू तिच्या फटींहून पुष्कळच लहान असतात. परंतु ते कणांना चिकटतात, आणि पृष्ठभागी साचलेला सजीव थर त्यांचा फडशा पाडतो. १८९२ च्या पटकीत एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणारे हॅम्बुर्ग उद्ध्वस्त झाले. प्रवाहाच्या खालच्या अंगास असूनही गाळलेले पाणी पिणारे शेजारचे आल्टोना बव्हंशी बचावले.

मात्र या दोन्ही क्रियापदांचा संबंध न विरघळलेल्या मळाशीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात खडकांतून उतरलेले फ्लोराइड असते. ते पाण्यात विरघळलेले असल्याने वस्त्रातून व वाळूतून सहज पार होते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडचे असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात, आणि प्रमाण फार असल्यास हाडे व सांधे ताठरतात. यावर नागपूरच्या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने नलगोंडा पद्धती सिद्ध केली. तीत तुरटी व चुना घालून ढवळले म्हणजे पुंजके बनतात व फ्लोराइड त्यांस धरून बसते. मग पाणी निवळू द्यावयाचे व गाळून घ्यावयाचे. जुन्या क्रिया येथे परत येतात, परंतु विरघळलेल्यास प्रथम न विरघळलेले केल्यानंतरच.

'निवळ' या विशेषणाचे स्वच्छ आणि शुद्ध हे दोन्ही अर्थ आपण एकच मानीत आलो. डोळा व जीभ यांवर विसंबणाऱ्या समाजास ते पुरेसे होते. ज्या विहिरीचे पाणी आरशासारखे निवळ आहे, तिथेच आज तपासणीवाचून 'शुद्ध' हा शब्द वापरणे धोक्याचे ठरते. कारण त्या शब्दाच्या भरवशावर घरातले मूल ते पाणी पिते.