अर्भकांमधील ल्युकेमियावरील उपचार

अर्भकांमधील ल्युकेमिया म्हणजे जन्मापासून वयाचे एक वर्ष पूर्ण होईपर्यंतच्या काळात निदान झालेला रक्ताचा कर्करोग होय. हा आजार दुर्मिळ असून बालवयातील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या रुग्णांत अर्भकांचे प्रमाण सुमारे २ ते ५ टक्के असते. त्यावर अनेक औषधांचा एकत्रित व तीव्र रसायनोपचार, मेरुद्रवात दिली जाणारी औषधे, निवडक रुग्णांत मूलपेशी प्रत्यारोपण आणि अलीकडच्या काळात रोगप्रतिकारशक्तीवर आधारित उपचार केले जातात.

रसायनोपचाराची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवून प्रगत देशांत मोठ्या मुलांमधील लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बरा होण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोहोचले. अर्भकांच्या बाबतीत मात्र याच मार्गाने जगण्याचे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर जाऊन थांबले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लिनाट्युमोमॅब या प्रतिपिंडाच्या अभ्यासानंतर उपचारांची दिशा बदलू लागली आहे.

आजाराचे स्वरूप

मोठ्या मुलांच्या तुलनेत अर्भकांमध्ये हा आजार अधिक आक्रमक असतो. निदानाच्या वेळी रक्तातील श्वेतपेशींची संख्या बहुधा फार वाढलेली असते. यकृत व प्लीहा मोठी झालेली आढळतात, मध्यवर्ती मज्जासंस्थेत रोगपेशी शिरलेल्या असू शकतात आणि काही अर्भकांच्या त्वचेवर निळसर गाठी दिसतात. फिकेपणा, ताप, अंगावर लाल-जांभळे ठिपके, दूध न पिणे व सतत किरकिर ही लक्षणे असतात. यांतील अनेक लक्षणे साध्या आजारांतही दिसत असल्यामुळे रक्ततपासणी व अस्थिमज्जेची तपासणी केल्याखेरीज निदान होत नाही.

लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या सुमारे ७० ते ८० टक्के अर्भकांमध्ये ११व्या गुणसूत्रावरील केएमटी२ए या जनुकाची पुनर्रचना झालेली असते. या जनुकाचे पूर्वीचे नाव एमएलएल असे होते. त्याचा एक भाग तुटून दुसऱ्या गुणसूत्रावरील जनुकाशी जोडला जातो. ४थ्या व ११व्या गुणसूत्रांमधील अदलाबदल ही सर्वाधिक आढळते. या जोडणीतून तयार होणारे प्रथिन पेशीची वाढ चालवणारी जनुके सतत चालू ठेवते आणि पेशी अपरिपक्व अवस्थेतच विभाजित होत राहते. अर्भकांच्या रोगपेशींमध्ये याखेरीज इतर जनुकीय बदल फारच थोडे आढळतात. पुनर्रचना नसलेल्या अर्भकांमध्ये उपचारांना मिळणारा प्रतिसाद बराच चांगला असतो.

जन्मापूर्वीचा उगम

या आजाराची सुरुवात गर्भावस्थेतच होते, याचा पुरावा जुळ्या मुलांच्या अभ्यासातून मिळाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, ल्युकेमिया झालेल्या एकसारख्या जुळ्यांमध्ये एमएलएल जनुक नेमके एकाच ठिकाणी तुटलेले असते. असा बदल दोघांमध्ये स्वतंत्रपणे घडणे जवळजवळ अशक्य असल्याने तो एका गर्भात घडतो व समाईक वारेतून रोगपेशी दुसऱ्या गर्भात पोहोचतात, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांपैकी एकास अर्भकावस्थेत हा आजार झाल्यास दुसऱ्याला तो होण्याची शक्यता फार मोठी असते. हा बदल आईवडिलांकडून वारशाने आलेला नसतो.

संयुक्त रसायनोपचाराची पार्श्वभूमी

१९४८ मध्ये बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने मुलांमधील तीव्र ल्युकेमिया तात्पुरता आटोक्यात येतो, असे दाखवले. हे औषध अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले होते. एकाच औषधाने मिळणारा आराम टिकत नसे, कारण औषधाला दाद न देणाऱ्या पेशी उरत व पुन्हा वाढत. १९६०च्या दशकात वेगवेगळ्या प्रकारे काम करणारी औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. तिच्याबरोबर मज्जासंस्थेवरील स्वतंत्र उपचारही जोडले गेल्यावर मोठी मुले कायमची बरी होऊ लागली.

अर्भकांमध्ये हीच पद्धत अपुरी ठरली. प्रयोगशाळेतील तपासण्यांत त्यांच्या रोगपेशी प्रेडनिसोलोन व ॲस्परॅजिनेज या औषधांना कमी, तर सायटॅराबिनला अधिक प्रतिसाद देतात, असे आढळले. सायटॅराबिन हे मुख्यतः मायलॉइड ल्युकेमियावरील औषध आहे. केएमटी२ए पुनर्रचना असलेल्या लिम्फॉइड पेशींवर मायलॉइड पेशींच्या खुणाही दिसतात. यावरून दोन्ही प्रकारच्या ल्युकेमियांची औषधे एकत्र करणारी संमिश्र पद्धत तयार करण्यात आली.

इंटरफँट चाचण्या

रुग्ण थोडे असल्याने कोणत्याही एका देशाला पुरेसा मोठा अभ्यास करणे शक्य नव्हते. म्हणून १९९९ मध्ये अनेक देशांतील गटांनी एकत्र येऊन इंटरफँट-९९ ही चाचणी सुरू केली. तिच्यातील उपचार पुढील टप्प्यांत होते.

पहिले सात दिवस प्रेडनिसोन व मेरुद्रवात मेथोट्रेक्सेटची एक मात्रा देत. आठव्या दिवशी रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमागे रोगपेशी १,०००पेक्षा कमी उरल्यास प्रतिसाद चांगला मानला जाई. त्यानंतर इंडक्शन या टप्प्यात डेक्सामेथासोन, व्हिन्क्रिस्टिन, डॉनोरुबिसिन, ॲस्परॅजिनेज व सायटॅराबिन एकत्र देत. यांपैकी व्हिन्क्रिस्टिन हे सदाफुलीपासून मिळणारे औषध आहे. रोग ओसरल्यावर मेथोट्रेक्सेट व सायटॅराबिन यांच्या मोठ्या मात्रा देत. शेवटी तोंडावाटे मर्कॅप्टोप्युरिन व मेथोट्रेक्सेट देऊन उपचार निदानापासून सुमारे दोन वर्षांनी पूर्ण होत. वाढत्या मेंदूला होणारी इजा टाळण्यासाठी डोक्याला किरणोपचार न देता मेरुद्रवातील औषधांवर भर होता.

या चाचणीत ४८२ अर्भकांचा समावेश होता. इंडक्शननंतर सुमारे ९४ टक्के अर्भकांमध्ये रोग ओसरला. परंतु चार वर्षांनंतर रोग न उलटता जिवंत असलेल्यांचे प्रमाण ४७ टक्केच होते. नंतरच्या काळात जोडलेल्या एका अतिरिक्त तीव्र टप्प्याचा लाभ दिसला नाही. म्हणजे रोग ओसरणे ही अडचण नव्हती, तो ओसरलेला राहणे ही होती. बहुतेक वेळा रोग पहिल्या दोन वर्षांतच, अनेकदा उपचार चालू असतानाच उलटत असे.

२००६ ते २०१६ या काळातील इंटरफँट-०६ चाचणीत ६५१ अर्भके होती. तिच्यात केएमटी२ए पुनर्रचना असलेल्या अर्भकांपैकी काहींना इंडक्शननंतर मायलॉइड ल्युकेमियाच्या धर्तीची, तर इतरांना लिम्फॉइड धर्तीची औषधे देऊन तुलना केली गेली. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सहा वर्षांनंतर रोग न उलटता जिवंत असलेल्यांचे प्रमाण ४६.१ टक्के व एकूण जिवंत असलेल्यांचे प्रमाण ५८.२ टक्के होते. पुनर्रचनेसह सहा महिन्यांपेक्षा कमी वय आणि अत्यधिक श्वेतपेशी किंवा प्रेडनिसोनला अल्प प्रतिसाद असलेल्या अतिजोखमीच्या गटात रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २१ टक्के, तर पुनर्रचना नसलेल्यांत सुमारे ७४ टक्के होते.

मूलपेशी प्रत्यारोपण

जपानमधील सुरुवातीच्या अभ्यासांत पुनर्रचना असलेल्या सर्व अर्भकांसाठी पहिल्याच रोगमुक्तीत प्रत्यारोपण ठरवलेले असे. त्यातून काही मुले वाचली, तरी वाढ खुंटणे, अंतःस्रावी ग्रंथींचे विकार व फुप्फुसांचे आजार यांची मोठी किंमत मोजावी लागे. इंटरफँट-९९च्या विश्लेषणात प्रत्यारोपणाचा लाभ केवळ अतिजोखमीच्या गटात दिसला. पुढे जपाननेही प्रत्यारोपण निवडक अर्भकांपुरते मर्यादित केले. एमएलएल-१० या चाचणीत पुनर्रचना असलेल्या अर्भकांपैकी सुमारे ६६ टक्के तीन वर्षांनंतर रोग न उलटता जिवंत होती.

रोगप्रतिकारशक्तीवर आधारित उपचार

ब्लिनाट्युमोमॅब हे दोन टोके असलेले प्रतिपिंड आहे. त्याचे एक टोक रोगपेशीवरील सीडी१९ या प्रथिनाला, तर दुसरे रुग्णाच्या टी-पेशीवरील सीडी३ या प्रथिनाला चिकटते. अशा रीतीने टी-पेशी रोगपेशीजवळ येऊन तिला मारते. रसायनोपचाराला दाद न देणारी पेशीही याला बळी पडू शकते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुनर्रचना असलेल्या ३० अर्भकांना इंटरफँट-०६च्या रसायनोपचारात या औषधाचा एक टप्पा जोडून देण्यात आला. औषध २८ दिवस अखंड शिरेवाटे चालू होते. दोन वर्षांनंतर रोगमुक्त जिवंत अर्भकांचे प्रमाण ८१.६ टक्के होते. इंटरफँट-०६मध्ये ते ४९.४ टक्के होते. एकूण जिवंत अर्भकांचे प्रमाण अनुक्रमे ९३.३ व ६५.८ टक्के होते. रुग्णसंख्या कमी होती आणि तुलना समकालीन गटाशी नसून आधीच्या चाचणीशी होती, ही या अभ्यासाची मर्यादा आहे. शिवाय केएमटी२ए पुनर्रचनेच्या रोगपेशी सीडी१९ गमावून मायलॉइड रूप धारण करू शकतात. असे झाल्यास हे औषध निरुपयोगी ठरते.

रोग उलटलेल्या रुग्णांसाठी जनुकीय बदल केलेल्या टी-पेशींचा, म्हणजे कार-टी उपचार उपलब्ध झाला आहे. लहान अर्भकाच्या रक्तातून पुरेशा टी-पेशी मिळवणे कठीण असते. २०१५ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात एका अर्भकाला निरोगी दात्याच्या, जनुकसंपादित टी-पेशी देण्यात आल्या व त्यानंतर प्रत्यारोपण करण्यात आले. मेनिन या प्रथिनाला अडवून केएमटी२ए जोडणीचे कार्य थांबवणाऱ्या रेव्हुमेनिब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ती एक वर्ष व त्यावरील वयाच्या रुग्णांपुरती आहे.

दुष्परिणाम आणि आधारोपचार

अर्भकाचे यकृत व मूत्रपिंड पूर्ण विकसित नसल्याने औषधे शरीरात अधिक काळ राहतात. त्यामुळे इंटरफँट पद्धतीत शरीराच्या पृष्ठफळावरून काढलेली मात्रा सर्वसाधारणपणे सहा महिन्यांखालील बाळांना दोन तृतीयांश व सहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तीन चतुर्थांश दिली जाते. उपचारांच्या आरंभी रोगपेशी मोठ्या संख्येने फुटून युरिक आम्ल व पोटॅशियम वाढते. त्यासाठी शिरेवाटे द्रव आणि ॲलोप्युरिनॉल किंवा रॅसबुरिकेज देतात. जंतुसंसर्ग हे उपचारकाळातील मृत्यूचे प्रमुख कारण आहे. श्वेतपेशी कमी असताना ताप आल्यास बाळाला त्वरित रुग्णालयात न्यावे लागते. तोंडावाटे पोलिओ व बीसीजी यांसारख्या जिवंत लसी या काळात देत नाहीत. डॉनोरुबिसिनचा हृदयावर होणारा परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकत असल्याने बऱ्या झालेल्या मुलांची दीर्घकाळ तपासणी केली जाते.

इतर प्रकार

अर्भकांमधील तीव्र मायलॉइड ल्युकेमियावर सायटॅराबिन व अँथ्रासायक्लिन गटातील औषधांचे तीव्र टप्पे देतात. त्याचे परिणाम मोठ्या मुलांसारखेच असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बालकांच्या रक्तात जीएटीए१ जनुकातील बदलामुळे ल्युकेमियासारख्या पेशी दिसतात. ही अवस्था बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरते. अशा बालकांना तीव्र रसायनोपचार देणे अनावश्यक ठरू शकत असल्याने ती ओळखणे महत्त्वाचे असते.

भारतातील स्थिती

भारतात या आजारावरील उपचार मोठ्या शहरांतील कर्करोग केंद्रांत होतात. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय हे त्यांपैकी प्रमुख केंद्र आहे. दोन वर्षांचे उपचार, दूरवरचा प्रवास व शहरातील मुक्काम यांमुळे उपचार अर्धवट सुटण्याचा धोका असतो. मुंबईत २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था अशा कुटुंबांना विनामूल्य निवास पुरवते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार१९ या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तथापि ती १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी असल्याने अर्भकांचा तीत समावेश नव्हता.