आगमनकालांतील शास्त्रवाचन

पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळींचें उपासनावर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. तें नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारीं सुरू होतें. तेथपासून नाताळापर्यंतच्या दिवसांना आगमनकाल म्हणतात. तारणाऱ्याची वाट पाहण्याचे हे दिवस. म्हणूनच खचलेल्या लोकांस धीर देणाऱ्या यशया संदेष्ट्याचा ग्रंथ या काळांत वाचण्याची चाल फार जुनी आहे.

परंतु चाल असणें निराळें आणि वाचन होणें निराळें. इंग्लंडांत आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याच्या हातून १५४९ सालीं जें इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघालें, त्याच्या प्रस्तावनेंत नेमकी हीच तक्रार आहे. आगमनकालांत यशयाचा आरंभ होतो, पण तो पुरा कधींच होत नाहीं; संतकथा, पालुपदें व नाना विधि यांच्या गर्दींत तीनचार अध्यायांपुढें कोणी जात नाहीं. शिवाय सारें वाचन लॅटिनमध्यें. ऐकणाराच्या कानीं नाद पडे, मनांत अर्थ उतरत नसे.

क्रॅन्मरचा उपाय साधा होता. रोज सकाळीं व सायंकाळीं जुन्या व नव्या करारांतील अध्याय ओळीनें, इंग्रजींत वाचावयाचे. जुना करार बहुतांशीं वर्षांतून एकदां, नवा करार प्रकटीकरणाखेरीज तीनदां आणि स्तोत्रें महिन्यास एकदां, अशी वांटणी ठरली. यशया मात्र क्रमांतून बाजूस काढून वर्षाच्या अखेरीस, आगमनकालासाठीं राखून ठेविला.

योजना लोकांच्या भाषेची, पण ती आली कायद्याच्या जोरावर. ९ जून १५४९ रोजीं ती अंमलांत आली आणि दुसऱ्याच दिवशीं डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी येथील गांवकऱ्यांनीं आपल्या धर्मगुरूस जुनीच उपासना करावयास लाविलें. कॉर्नवॉलचे लोकही उठले. त्यांच्यांतील कित्येकांची भाषा कॉर्निश. आपणांस इंग्रजी समजत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. बंड रक्तपातानें मोडण्यांत आलें. लॅटिन न समजणाऱ्यांसाठीं काढलेलें पुस्तक इंग्रजी न समजणाऱ्यांवर लादलें गेलें. पुढें राज्य पालटलें आणि १५५६ सालीं क्रॅन्मरलाच ऑक्सफर्ड येथें जिवंत जाळण्यांत आलें.

त्याच १५४९ सालाच्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत टॉमस स्टीफन्स जन्मला. तो कॅथलिक पंथाचा. येशूसंघांत शिरून १५७९ सालीं गोव्यास आला. पुराणश्रवणाची गोडी असलेल्या लोकांसाठीं त्यानें मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचिलें व तें १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. पहिल्या पुराणांत तारणाऱ्याची प्रतीक्षा, दुसऱ्यांत त्याचें आगमन व चरित्र. जें क्रॅन्मरनें हुकुमानें साधूं पाहिलें, तें या दुसऱ्या इंग्रजानें ऐकणाराची भाषा आणि त्याचा छंद शिकून साधलें. तरी गोव्यांतही १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें लोकभाषा सोडण्याचा हुकूम काढलाच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, कॅथलिक मंडळींतही वाचनें लोकभाषेंत होऊं लागलीं. आगमनकालाच्या आरंभीं आजही रोज यशयाच वाचला जातो. ग्रंथ तोच राहिला. तो कोणाच्या भाषेंत वाचावयाचा, एवढ्याच प्रश्नासाठीं माणसांनीं प्राण वेंचले.