मोटारीतला रेडिओ

मामा गेले त्याला आता तीन वर्षे झाली. त्यांची १९७८ सालची पद्मिनी मामींनी माझ्या स्वाधीन केली ती एकाच अटीवर. "चालव बापडा, पण तिचं काही मोडू नकोस." त्यामुळे गेल्या श्रावणात तिच्यातला रेडिओ कायमचा मुका झाला तेव्हा माझ्या पोटात गोळाच उठला. नवा कोणता घ्यावा हा प्रश्न खरे तर दुकानदाराचा. परंतु मी पडलो इतिहासाचा मास्तर, आणि वर कादंबऱ्या लिहिणारा. मुळाशी गेल्यावाचून मला भाजीसुद्धा घेता येत नाही!

मोटारीतल्या रेडिओचे मूळ सापडते अमेरिकेत. १९३० साली अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. शिकागोचे पॉल गॅल्व्हिन यांनी आपली मोटार सभागृहाबाहेर उभी केली, आतला रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ऐकवला. 'मोटोरोला' हे नाव त्या रेडिओचे. कंपनीने ते पुढे स्वतःला घेतले. त्या काळी हे काम सोपे नव्हते. व्हॉल्व्ह तापवायला मोटारीची बॅटरी पुरत असे, परंतु त्यांच्याकडून काम करवून घ्यायला त्याच्या कितीतरी पट व्होल्ट लागत. त्यासाठी कोरड्या बॅटऱ्यांची वेगळी पेटी गाडीत बसवावी लागे. पुढे व्हायब्रेटर आला. तो बॅटरीचा सरळ प्रवाह क्षणाक्षणाला तोडी, आणि मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. त्याची गुणगुण गाण्याला साथ करीत असे, ती निराळीच. शिवाय इंजिनातल्या प्रत्येक ठिणगीची खरखर रेडिओत उमटे. ती दडपण्याची तजवीज करण्यातच कारागिरांचा बराच वेळ जाई.

युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्टने पहिला मोटार-रेडिओ केला. ब्लाउपुंक्ट म्हणजे निळा ठिपका. तपासणीत उतरलेल्या हेडफोनवर ही मंडळी निळा ठिपका लावीत, आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन ठिपक्याचाच माल मागू लागले! व्हॉल्व्हचे राज्य सरले ते ट्रान्झिस्टरमुळे. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी अकरा ट्रान्झिस्टरांचा, एकही व्हॉल्व्ह नसलेला रेडिओ आणला. किंमत दीडशे डॉलर. मग १९६३ ची फिलिप्सची कॅसेट, आणि तिच्यामागून बाकीचे सारे.

माझ्या अडचणीचे मूळ मात्र जर्मनांच्या शिस्तीत निघाले. १९८० च्या दशकात त्यांनी मोटार-रेडिओच्या खाचेचे माप ठरवून टाकले: १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. पुढे साऱ्या जगाने तेच उचलले. मामांचा रेडिओ त्याआधीचा, दोन बाजूंना दोन बटणे आणि मध्ये काचेची पट्टी असलेला. दुकानदार म्हणाला, "सर, डॅशबोर्ड जरा कापावा लागेल. दहा मिनिटांचं काम." मी गाडीची किल्ली उचलली आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या एका कारागिराने कापाकापी न करता नवा रिसीव्हर जोडून दिला, आणि संध्याकाळपर्यंत तो जळाला. कारण जुन्या काळच्याच पद्धतीत होते. मामांच्या गाडीत स्पीकरला एकच तार गेलेली. प्रवाह परत यायचा तो गाडीच्या पत्र्यातून. नव्या रिसीव्हरला हे चालत नाही. प्रत्येक स्पीकरपासून त्याला दोन तारा लागतात, आणि त्यांतली एकही पत्र्याला टेकता कामा नये. इतिहास न वाचल्याचा दंड मी अनेक ठिकाणी भरला आहे. या खेपेला तो रोख भरला.

शेवटी शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने वाट काढली. नवा रिसीव्हर डॅशबोर्डखाली पट्टीवर टांगला. स्पीकर नवे, तारा नव्या. पिवळी तार थेट बॅटरीवर, म्हणजे स्टेशनांची आठवण राहते. लाल तार मात्र त्याने किल्लीतून आणून मामांच्या जुन्या रेडिओच्या बटणातून फिरवली. जुना रेडिओ जागच्या जागी राहिला. त्याचे बटण फिरवले की खालचा नवा बोलू लागे. मजुरी विचारली तर म्हणाला, "द्या काय द्यायचं ते. अशी गाडी आता हाताखाली येते कुठं?"

भाऊबीजेला मामींना त्यांच्या भावाकडे कल्याणला न्यायचे होते. पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरला, आणि सवयीने हात पुढे गेला. टक्! गाणे सुरू झाले. मामी काही बोलल्या नाहीत. शीवपर्यंत त्या खिडकीबाहेरच पाहत होत्या. मग पुन्हा तेच बटण धरून त्या फिरवू लागल्या, एकदा, दोनदा.

"अरे, आवाज वाढत नाही याचा."

"थांबा मामी," मी म्हणालो, आणि डॅशबोर्डखाली हात घातला.